शीवाली बाय आणि अकरा रेघा

आमच्या कामात नमुने जमवायला जावं तर किस्सेच जास्त जमतात. नमुना बर्फात ठेवावा लागतो, नाहीतर दोन दिवसांत वाया जातो. किस्सा कुठेही ठेवा, टिकतो. शिवाय सांगणाऱ्याच्या मगदुराप्रमाणे थोडा वाढतोसुद्धा! माझे मी वाढवणार नाही. वाढवायला जागाच उरलेली नाही.

मी मूळची पालघरची, पण दहाव्या वर्षापासून शिक्षण बाहेरच. शेवटची सहा वर्षं स्कॉटलंडमध्ये विषाणूंवर काम केलं. ऐंशीच्या दशकात परत आले तेव्हा विमानात बसून वहीच्या पहिल्या पानावर माझ्या प्रयोगशाळेचा नकाशा काढला होता. इथे सेंट्रिफ्यूज, तिथे थंड खोली, पलीकडे डार्करूम आणि खिडकीबाहेर नारळाची झाडं.

प्रत्यक्षात मिळाल्या पालघरच्या आरोग्य केंद्राच्या मागच्या दोन खोल्या. त्यांत मलेरियाच्या फवारणीचे पंप रचून ठेवलेले. ते हलवायला नेमकी कोणाची ऑर्डर लागते हे शोधण्यात तीन आठवडे गेले. नकाशातली एक गोष्ट तेवढी जशीच्या तशी सापडली. नारळाची झाडं!

आता काम काय होतं ते एकदाच सांगून टाकते, म्हणजे पुन्हा शास्त्र काढणार नाही. लहान मुलांना पाण्यासारखे जुलाब होतात, त्यातले बरेचसे रोटा नावाच्या विषाणूमुळे. या विषाणूचं जनुकीय साहित्य अकरा तुकड्यांत असतं. मुलाच्या शीतून ते वेगळं काढायचं, जेल म्हणजे खरवसासारख्या एका पातळ पाटीच्या वरच्या टोकाला सोडायचं आणि वीज लावायची. मोठे तुकडे वर रेंगाळतात, छोटे खाली पळतात. मग चांदीच्या क्षाराने रंगवलं की एकाखाली एक अकरा रेघा उमटतात. एखादी रेघ जागा सोडून असली तर विषाणूचं घराणं वेगळं.

परदेशात या रोगावर लस करायची खटपट चालली होती. पण आमच्या मुलांच्या पोटातली घराणी तीच आहेत की निराळी, हे या किनाऱ्यावर कोणी पाहिलेलंच नव्हतं. उद्या लस तिकडच्या मुलांना लागू पडेल आणि आमच्या मुलांना नाही, असं होऊ नये म्हणून मी आले होते. हे मी भेटेल त्याला सांगायचे. कोणी विचारलं नाही तरी.

योजनेच्या कार्यालयाची अट एकच होती. मार्चअखेर शंभर मुलांच्या रेघा दाखवायच्या. दाखवल्या तर योजना पुढे चालणार आणि खोल्या आमच्याकडे राहणार. नाहीतर खोल्या पंपांना परत आणि मी स्कॉटलंडला परत. तिथल्या सरांनी माझं टेबल रिकामं ठेवलं होतं आणि दर पत्राच्या शेवटी ते तसं कळवतही होते.

माझ्या हाताखाली दोन माणसं होती. म्हणजे कागदावर हाताखाली. तामोरे सिस्टर नर्स होत्या, किनाऱ्यावरच्याच, मच्छीमाराच्या घरातल्या. अर्ध्या तालुक्याची बाळंतपणं त्यांच्या हातची. आणि गायकवाड हे टेक्निशियन, सोलापूरकडचे. बोईसरच्या एका केमिकल कारखान्यातली पक्की नोकरी सोडून ते आमच्याकडे आले होते. का सोडली, असं मी मुलाखतीत विचारलं.

ते म्हणाले, "तिथं वास फार यायचा, मॅडम."

*

पहिला दौरा दातिवऱ्याच्या बाजूला, मच्छीमारांच्या एका आळीत. आळीचं नाव सांगणार नाही. हिराबायला कळलं तर मला दरसाल येणारे सुके बोंबील बंद होतील.

हिराबाय म्हणजे आळीतली सगळ्यात वजनदार बाई. दोन होड्या, तीन मुलगे, तीन सुना आणि आवाज असा की ओट्यावरून हाक मारली तर बंदरात ऐकू जावी. तिच्याच ओट्यासमोर मी तक्ता टांगला. विषाणू, त्याचे अकरा तुकडे, देशोदेशीची घराणी, सगळं अर्धा तास समजावलं. माझा आवाज दोनदा भरून आला. बायका जाळ्यातले काटे काढत शांतपणे ऐकत होत्या.

शेवटी मी म्हटलं, काही शंका?

हिराबायने विचारलं, "औषध काय देताव?"

मी म्हटलं, औषध नाही. आम्ही फक्त तपासणार.

"मंग नेताव कशाला?"

मी पुन्हा तक्त्याकडे वळले. तेवढ्यात तिने शेजारणीला, मला नीट ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं, "बोंबील न्यायचा तरी भाव करतात. ही बाय फुकटात शी नेतेय."

त्या दिवसापासून मी त्या आळीत शीवाली बाय झाले. माझ्या नावापुढची पदवी मिळवायला चार वर्षं लागली होती. ही अर्ध्या तासात मिळाली!

परतताना सिस्टर म्हणाल्या, पुढच्या वेळी मी बोलते. पुढच्या वेळी त्या एकच वाक्य बोलल्या. "जुलाब लागलेल्या पोराची शी द्या, साखरमिठाची पुडी घ्या." सात घरांनी बाटल्या घेतल्या.

*

बाटल्या घेतल्या, पण परत येईनात.

त्या बाटल्या मी मुंबईहून खास निवडून आणल्या होत्या. जाड काच, पांढरं स्क्रूचं झाकण, प्रत्येक बाटली आतून-बाहेरून निर्जंतुक. आठवड्याने गेलो तर नमुने हजर होते, पण कशात? एक दंतमंजनाच्या डबीत, एक करवंटीत, एक केळीच्या पानाच्या पुडीत. सुतळी बांधलेली, प्रसादासारखी.

मी वैतागून विचारलं, बाटल्या कुठे गेल्या? हिराबायची मोठी सून मला आत घेऊन गेली. फळीवर माझ्या बाटल्या ओळीने मांडलेल्या. एकीत हळद, एकीत जिरं, एकीत आमसुलं.

मी विचारलं, असं का?

ती म्हणाली, "एवढी चांगली बाटली बाय, तीत घाण कशी घालायची?"

  उपाय सिस्टरांनी काढला. पुढच्या खेपेपासून प्रत्येक घराला दोन बाटल्या द्यायच्या. एक हळदीला, एक आम्हाला.

*

नमुने पालघरला आणायला आमच्याकडे गाडी नव्हती. एसटी होती. बर्फ मासळीवाल्यांकडून मिळायचा आणि पेटीही त्यांनीच दिलेली, लाकडी, आतून पत्रा. म्हणजे दिसायला मासळीची आणि वासालासुद्धा मासळीचीच.

एकदा कंडक्टरने पेटीवर बोट ठेवलं. मासळी चालणार नाही, उतरा.

सिस्टर मला कोपराने ढोसत होत्या. पण मी खोटं बोलणार नव्हते. सत्य सांगायला आपण देशात परत आलो आहोत, असं माझं तेव्हा मत होतं. मी उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले की यात मासळी नाही, लहान मुलांची शी आहे, संशोधनासाठी.

मागच्या तीन रांगा आपोआप रिकाम्या झाल्या.

कंडक्टर विचारात पडला. त्याने खिशातून नियमांची एक मळकी पुस्तिका काढली, बोट थुंकीने ओलं करून पानं उलटली. बस थांबलेली. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. पाचेक मिनिटांनी कंडक्टरने पुस्तिका मिटली.

"मासळी असती तर उतरवलं असतं," तो म्हणाला. "ह्याला काय नियम नाय. बसा."

*

विजेचं तर विचारूच नका. एका बाजूला तारापूरचं अणुवीज केंद्र, दुसऱ्या बाजूला आमच्या खोलीतला कंदील. जेलला सलग पंधरा-सोळा तास वीज लागते आणि पालघरची वीज सलग तीन तास राहिली तर लोक एकमेकांना सांगायचे. दिवे गेले की तुकडे होते तिथेच पसरायचे आणि रेघांच्या जागी शेवाळासारखा डाग उरायचा. पहिल्या महिन्यातली माझी सगळी मेहनत म्हणजे नऊ सुंदर शेवाळं.

गायकवाडांनी दोन दिवस विचार केला. म्हणाले, मॅडम, जेलला लागते ती बॅटरीचीच वीज ना? आठ ट्रकच्या बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या तर काम होईल. कारखान्यातला माणूस! मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

मनोरला हायवेवर बॅटरीवाला होता, उत्तरेकडचा. आठ बॅटऱ्या भाड्याने हव्यात म्हटल्यावर त्याने मला खुर्ची दिली, थंडा मागवला आणि अदबीने विचारलं, "मैडम, गाड़ियाँ कौन से रूट पर चलती हैं?"

गायकवाड त्यांच्या हिंदीत म्हणाले, गाडी नहीं है जी. बच्चा लोगों की टट्टी चलाने की है.

 बॅटरीवाल्याने थंड्याची बाटली माझ्यापुढून हळूच उचलली आणि विचारलं, "उसके लिए बैटरी लगती है? हमारे यहाँ तो अपने आप चलती है."

बॅटऱ्या मात्र त्याने दिल्या. पुढे तो डिस्टिल्ड वॉटरही द्यायला लागला. आमच्या विहिरीचं पाणी इतकं खारट की त्यात चांदीचा क्षार घातला की दूधच व्हायचं. अशा रीतीने आमची प्रयोगशाळा निम्मी हायवेवर अवलंबून झाली.

*

बॅटऱ्यांवर चालवलेल्या पहिल्याच जेलमध्ये रेघा उमटल्या. गायकवाड वाकून, बोट न लावता मोजत होते. "वर चार, मग दोन, मग तीन, मग दोन." एकूण अकरा. त्यांनी पुन्हा मोजल्या. मी तिसऱ्यांदा मोजल्या. मग आम्ही दोघं बाहेर जाऊन नारळाच्या झाडांकडे बघत उभे राहिलो.

तो नमुना हिराबायच्या नातवाचा होता. मी जेलचा फोटो काढून घेतला आणि जादा प्रत काढून तिला द्यायला गेले. त्या बाईला कळायला हवं होतं की तिच्या नातवाची शी फुकट नेली नव्हती.

तिने फोटो हातभर लांब धरला, मग जवळ आणला. एकाखाली एक आडव्या काळ्या रेघा. "बोंबील वाळत घालायची वलांडी हाय वाटतं."

मी म्हटलं, नाही, हे तुमच्या नातवाच्या पोटात होतं.

"पोटातला फोटू?"

असंच म्हणा.

तिने लगेच सुनेकडून फ्रेम मागवली. फ्रेममध्ये आधी तिच्या नवऱ्याचा होडीवरचा फोटो होता, तो काढला आणि नातवाच्या रेघा घातल्या. नवरा दारात उभा राहून बघत होता. बिचारा एवढंच म्हणाला, "मी कुठं जाऊ?"

*

आणि इथून सगळं बिघडलं, पण ते मला फार उशिरा कळलं.

त्या फ्रेमची बातमी आळीभर झाली. आता प्रत्येक घराला आपापल्या पोराचा पोटातला फोटो हवा! बाटल्या अशा येऊ लागल्या की बर्फ पुरेना. मला वाटलं, लोकांना विज्ञानाची गोडी लागली. मी सरांना तसं लिहिलंसुद्धा.

अडचण अशी की त्यातली निम्मी पोरं ठणठणीत होती. ठणठणीत पोराच्या शीत विषाणू कुठून येणार? फोटो कोरा. मी तोही इमानेइतबारे नेऊन द्यायचे आणि अभिनंदन करायचे की बाळ निरोगी आहे, काही निघालं नाही.

एक आई कोरा फोटो उलटसुलट बघून मला म्हणाली, "तिच्या पोराला अकरा आन् माझ्याला एक पन नाय? माझं काय कमी खातं?"

दरम्यान मनोरकडच्या पाड्यांमधून नमुने यायला लागले होते. त्यांतल्या काहींत एक रेघ जरा वर सरकलेली. घराणं थोडं वेगळं! मी आनंदाने दोन्ही फोटो हिराबायला शेजारी शेजारी दाखवले. तिने दोन्हींच्या रेघा बोटाने मोजल्या आणि तिचा चेहरा पडला.

"डोंगरातल्यांना पन अकराच?"

मी म्हटलं, जगात सगळ्यांना अकराच.

"पैसे भरून पन बारा नाय होत?"

*

आता शेवटचा किस्सा. हा मी फारसा सांगत नाही.

जानेवारी निम्मा सरला. माझ्याकडे त्र्याण्णव मुलांच्या रेघा जमल्या होत्या. सात हव्या होत्या आणि हातात अडीच महिने. एका सोमवारी सिस्टर त्या आळीतून एकदम दहा बाटल्या घेऊन आल्या. दहा घरांतल्या दहा. सिस्टरांनी मुलं बघितली नव्हती. त्या घाईत बाळंतपणाला चालल्या होत्या, बाटल्या कोणीतरी त्यांच्या हातात दिल्या. आम्ही जेल लावलं. दहाच्या दहा नमुन्यांत रेघा! आणि दहाही तंतोतंत एकसारख्या. सगळ्यात खालची रेघ तिच्या जागेवर नाहीच, चांगली वर चढून बसलेली. हे घराणं आम्हाला किनाऱ्यावर तोवर एकदाही दिसलं नव्हतं.

एक नवं घराणं एका आळीत शिरतं आणि एका आठवड्यात दहा मुलांना गाठतं. असं चित्र इतकं स्वच्छ कोणाला मिळतं? शिवाय आकडा झाला एकशे तीन. गायकवाडांनी पेढे आणले. मी सरांना चार पानी पत्र लिहिलं, योजनेच्या कार्यालयालाही शंभर पूर्ण झाल्याचं कळवलं आणि दोन्ही त्याच दिवशी पोस्टात टाकलं.

आठवड्याने मी आणि सिस्टर दहा फोटो घेऊन आळीत गेलो. हिराबाय ओट्यावरच होती. मी फोटो पुढे केले.

तिने हात मागे घेतला. "हे नको, बाय. हे सगळे चंद्रीच्या पोराचे हाय."

चंद्री तिची धाकटी सून. मला काही समजेना. मी म्हटलं, दहा घरांचे आहेत, नावं लिहिली आहेत मागे.

मग हिराबायने सगळं शांतपणे सांगितलं. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं तिला वाटतच नव्हतं. त्या आठवड्यात आळीत जुलाब एकट्या चंद्रीच्या पोराला. बाकीच्या नऊ आया कोऱ्या फोटोंनी हिरमुसलेल्या. एका होडीला मासळी लागली की ती आळीभर घरोघर वाटा देते. रीतच आहे. हिराबायने दहा बाटल्या ओट्यावर ओळीने मांडल्या आणि सगळ्या आयांना हाताशी घेऊन वाटे घातले. कोणाच्यात कमी नको, कोणाच्यात जास्त नको म्हणून दोनदा इकडचं तिकडे केलं.

"एकीला दिलं आन् दुसरीला नाय, असं आमच्यात नाय करत," ती म्हणाली.

 एकशे तीनचे चौऱ्याण्णव झाले होते, आणि पत्रं गेली होती. मी तिला बरंच बोलले. खोटेपणा म्हणाले, फसवणूक म्हणाले, आणखीही काय काय.  माझं संपल्यावर हिराबायने सुनेला खूण केली.

सून आतून परात घेऊन आली. परातीत सात बाटल्या, झाकणं घट्ट, बाहेरून पुसून लख्ख केलेल्या.

"राग धरू नको, बाय," हिराबाय म्हणाली. "परवापासून सात पोरांना लागलंय. ह्या घे. आता ज्याची त्याची हाय."

सिस्टर माझ्या आधी उठल्या. पदर खोचून त्यांनी पहिल्या घरात पाऊल टाकलं आणि तिथूनच ओरडून पुड्यांचा खोका मागितला. मी अजून ओट्यावरच, परातीकडे बघत. मग मी हिराबायला विचारलं की वाटे घातल्यावर सगळ्यांनी हात कशाने धुतले.

"मासळी वाटल्यावर धुतो तसेच," ती म्हणाली. "पान्यात बुचकळले. लगेच आपापल्या पोरांना भरवायचं होतं ना."

या आळीत मी अकरा तुकड्यांवर अर्धा तास बोलले होते. साबणावर एक वाक्य बोलले नव्हते.

तो दिवस आम्ही सात घरांत काढला. साखरमिठाचं पाणी, चमचा चमचा, एका पोराकडून दुसऱ्याकडे. सहा पोरं दुपारपर्यंत रडायला लागली, म्हणजे रडण्याइतकं पाणी अंगात आलं. सातवं मात्र रडेना. चंद्रीच्या शेजारणीचं, आठ महिन्यांचं. डोळे आत गेलेले, टाळू बसलेली, पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची.  त्याची आई माझ्या हातातल्या चमच्याकडे बघत होती. पालघरला न्यायला टेम्पो सांगितला होता, तो येईपर्यंत सिस्टरांनी पोराला मांडीवर घेतलं आणि मी चमचे मोजत राहिले. एकशे चाळीसच्या पुढे मोजणं सुटलं.

टेम्पो आळीच्या तोंडाशी वाजला आणि त्याच वेळी सिस्टरांच्या पातळावरून एक धार वाहत जमिनीवर आली.

सिस्टर बसल्या जागेवरून म्हणाल्या, "मुतला."

हे वाक्य तोंडातोंडी बंदरापर्यंत गेलं. हिराबायच्या नवऱ्याने टेम्पोवाल्याला थोपवून चहा पाजला. पोराच्या आईने सिस्टरांना नवं लुगडं नेसायला दिलं आणि मग ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली. शीवाली बाय देवासारखी आली, असं म्हणत होती. मला तिच्याकडे बघता येईना.

हिराबायने जाताना परात पुन्हा पुढे केली. बाटल्या मी घेतल्या.

पालघरला पोचल्यावर गायकवाडांना सगळं सांगितलं. त्यांनी बाटल्या फ्रीजमध्ये ठेवल्या आणि प्रत्येकीचा फॉर्म भरायला बसले. मुलाचं नाव, वय, गाव, जुलाब किती दिवस. शेवटचा रकाना होता, संसर्ग कुठून झाला असावा. तिथे ते नेहमी एकच गोष्ट लिहायचे, 'विहिरीचं पाणी', आणि पुढे प्रश्नचिन्ह. सातही फॉर्मांवर तेच लिहून ते जरा थांबले.

"मॅडम, एक बोलू? रेघा त्याच येणार. एकच घराणं, एकच आळी, पोरं सात आणि चंद्रीचं एक. चौऱ्याण्णव आणि सात, एकशे एक. म्हणजे तुमचं पत्र खरंच ठरलं की. दहाच्या जागी फक्त आठ करायचं."

  जाताना ते खोलीची किल्ली रोजच्या खिळ्याला न लावता माझ्या टेबलावर ठेवून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर आळीत जायला निघाल्या, पोरांना बघायला. मी त्यांना म्हटलं, दहा मिनिटं थांबा, मीही येते. मग सातही फॉर्म पुढ्यात घेतले. 'विहिरीचं पाणी?' खोडलं. त्याखाली सात वेळा माझं पूर्ण नाव लिहिलं, प्रश्नचिन्ह न घालता, आणि सरांसाठी एक प्रत, कार्यालयासाठी एक, म्हणून गायकवाडांकडे कार्बन मागितला.